नमुना सतरा

लोबुरूला, बोगोरिया सरोवराच्या पश्चिम काठावर,
सकाळी साडेसहाला पाणी सत्त्याण्णव अंशांवर उकळत होतं.
शंभरावर नाही. समुद्रापासून हजार मीटर वर आहोत आम्ही,
हवा विरळ, पाण्याचा धीर लवकर सुटतो.

बाटली तीनदा त्याच पाण्याने विसळली.
गाळून भरली, दोन थेंब नत्राम्ल सोडलं,
म्हणजे नैरोबीला पोचेपर्यंत त्यातलं काही तळाशी बसणार नाही.
दुसऱ्या बाटलीत एक भाग हे पाणी, नऊ भाग शुद्ध:
सिलिकाला मोकळी जागा लागते,
दाटीत ठेवली की कण कणाचा हात धरतो,
खळीसारखी घट्ट होते
आणि मग विचारलेल्याचं उत्तर देत नाही.

मला उत्तर हवं असतं.
खाली, जिथे कुणीच गेलेलं नाही,
तिथे पाणी जितकं तापतं तितका खडक अंगात घेतं.
वर येता येता निवतं,
पण घेतलेलं लगेच परत करत नाही.
ती उधारी मी मोजते.
सोडियम किती, पोटॅशियम किती, एकाला दुसऱ्याने भागून काय,
आणि त्या भागाकारातून
न पाहिलेल्या खोलीचा ताप.

चेबोई शेळ्या घेऊन आला.
शेळ्या थेट पांढऱ्या खरवडीवर,
जिभांचा खरखर आवाज.
त्याने दोरीच्या जाळीत दोन अंडी बांधली, झऱ्यात सोडली,
आणि पाण्याकडे काठी रोखून म्हणाला,
तिथे तीन होते. तिथे एक, माणसाएवढा उंच उडायचा.
आता सरोवर वर चढलंय.
बुडालेले झरे अजून उकळतात, वर नुसते बुडबुडे.

वहीत लिहिलं: थंड पाण्याची भेसळ शक्य. आकडा जपून घ्यावा.

राखीव क्षेत्र झालं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.
गुरं हाकून नेली, बापाची कबर इथेच राहिली.
हे त्याने शेळीच्या कानातली गोचीड काढता काढता सांगितलं.

मग हसला.
त्याचे दात तपकिरी, कडेला खड्डे पडलेले.
मी हसले ते ओठ मिटून.
मीही इथलीच, मारिगातची, बोअरच्या पाण्यावर वाढलेली.
वसतिगृहात एकीने विचारलं होतं, तंबाखू खातेस का गं?
तिसऱ्या वर्षी फ्लोराइडचा इलेक्ट्रोड पहिल्यांदा हातात आला,
तेव्हा गावचं पाणी डब्यातून नेऊन
सगळे जेवायला गेल्यावर गुपचूप तपासलं.
आकडा पाहून आईचा राग आला.
मग खडकाचा.
मग कुणाचा करावा ते कळेना.

किती निघालं? चेबोईने विचारलं.
म्हटलं, प्रयोगशाळा सांगेल. मागच्या वेळी खाली एकशे बहात्तर.
पुष्कळ आहे?
मोठ्या जनित्राला कमी.
पण या पाण्याने दुसरं एखादं द्रव तापवायचं, जे लवकर उकळतं,
आणि त्याच्या वाफेवर छोटं चाक फिरवायचं. तेवढं होईल.
मारिगातचा दवाखाना, शाळा, आणखी थोडे दिवे.
(तुझ्या घरापर्यंत तार येईल, हे म्हणाले नाही.
माझ्या हातात बाटल्या आहेत, तार नाही.)

आणि पाणी?
परत खालीच सोडायचं, दुसऱ्या विहिरीतून.
सगळं?
जवळजवळ सगळं.

त्याने जाळी वर ओढली.
एक अंडं मला दिलं, एक स्वतः सोलू लागला.
गरम होतं, या हातातून त्या हातात नाचवत.
आणि जे दातांत गेलं ते?

मी अंड्याला मीठ लावत राहिले.

उन्हं चढली. सरोवराच्या पलीकडच्या टोकाला फ्लेमिंगोंची बारीक गुलाबी रेघ,
मला चष्म्याशिवाय दिसत नाही, त्याला दिसते.
लेबल भरायचं राहिलं होतं.
नमुना सतरा. लोबुरू, उत्तरेकडचा झरा.
नमुना घेणार: जेरोतिच के.
आम्लता मापन: आठ पूर्णांक सात.
वास: किंचित.
रंग:
बाटली उन्हात धरून पाहिली, आरपार डोंगर दिसत होता,
डोंगराच्या खाली चेबोईची एक शेळी.
रंग: नाही.